टाके निघाले, आता हात वर करा

सोलापुरात कुणाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं की घरात एकच हुकूम सुटतो: आराम कर. सासूबाई म्हणतात, "कशाला हात वर करायलीस, टाके तुटतील की!" शेजारीण म्हणते, वर्षभर तरी काही उचलायचं नाही. माहेरची माणसं येतात, ती पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. सगळं मायेपोटीच चाललेलं असतं. मात्र या मायेतून तीन महिन्यांत असा एक खांदा तयार होतो, की हात केसांपर्यंतही पोचत नाही. गाठ निघालेली असते, रिपोर्ट चांगला आलेला असतो, आणि बाईला स्वतःची वेणी घालता येत नाही. ब्लाउजची बाही चढवायला लेकीला हाक मारावी लागते. फळीवरचा डबा काढणं तर दूरच.

हे आवाहन अशा घरांसाठी आहे. सांगायचं एवढंच, की व्यायाम आणि फिजिओथेरपी हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं उरकल्यावर सवडीने बघू, असं त्याचं काम नाही. ज्या दिवशी उपचाराची तारीख ठरते त्याच दिवशी त्याची सुरुवात व्हायला हवी. आणि आपल्याकडे तो आपोआप मिळत नाही, मागून घ्यावा लागतो.

कॅन्सरवरच्या कामात आपला जिल्हा काही मागे नाही. अभिनेत्री नर्गिस दत्त यांचं निधन 3 मे 1981 ला स्वादुपिंडाच्या कॅन्सरने झालं; त्यांच्या नावाचं हॉस्पिटल बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात उभं राहिलं. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे 1987 पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात केली. देशातली ती पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही. त्यापुढे जाऊन, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा हॉस्पिटलच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या सोबतीने सव्वा लाखाहून जास्त बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हे त्यातून 2009 साली सगळ्या जगाला कळलं.

ही कौतुकाची उजळणी करायचं कारण वेगळं आहे. हे काम नुसत्या यंत्रांनी झालेलं नाही. माणसं वाड्यावस्त्यांवर गेली, ओसरीवर बसली, बायकांशी बोलली, नवऱ्यांची समजूत काढली. ज्या भागात एवढ्या नाजूक तपासणीसाठी बायका तयार झाल्या, तिथे ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा हात वर करायला कुणाला तयार करणं अशक्य असेल, हे मला पटत नाही. कमी आहे ती सांगणाऱ्यांची.

खांद्यापासूनच सुरू करू. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा काखेतल्या गाठीही काढतात. जखम भरते तशी तिथली कातडी आणि आतले पडदे आखडत जातात. दुखतं म्हणून बाई हात अंगाशी धरून ठेवते, हात हलत नाही म्हणून तो आणखी आखडतो, आणि आखडलेला हात हलवला की जास्तच दुखतो. हे चक्र पहिल्या पंधरवड्यातच तोडायचं असतं. ब्रिटनमधल्या 17 केंद्रांमध्ये 392 बायकांवर एक अभ्यास झाला, तो 2021 साली छापून आला. खांदा आखडण्याचा धोका ज्यांना जास्त होता अशा बायकांना ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवसांतच फिजिओथेरपिस्टने व्यायामाला लावलं. वर्षभराने पाहिलं तर नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या बायकांपेक्षा त्यांचा हात चांगला चालत होता, दुखणंही कमी होतं. लवकर हात हलवल्यामुळे जखमा बिघडल्या असं काही दिसलं नाही.

म्हणजे काय करायचं? मूठ उघडणं-मिटणं, मनगट फिरवणं, कोपर वाकवणं हे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून. जखमेतलं पाणी काढणारी नळी असेपर्यंत हात साधारण खांद्याच्या उंचीपर्यंतच. नळी निघाली आणि डॉक्टरांनी होकार दिला की मग त्याच्या वर. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायचं. जिथे थांबावं लागतं तिथे पेन्सिलने रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची. दाराच्या चौकटीवर मारली तरी चालेल, घरमालकाला नंतर समजावता येईल. दुसऱ्या दिवशी रेघ बोटभर वर गेली तर ती घरातल्या सगळ्यांना दिसते, आणि "आराम कर" म्हणणाऱ्या सासूबाईच मग "आज कुठवर गेला?" विचारायला लागतात. यंत्र वगैरे काही लागत नाही. आपला सोलापुरी टॉवेल पुरतो. त्याची दोन टोकं दोन हातांत धरायची, चांगल्या हाताने ओढून दुसऱ्या हाताला वर न्यायचं. पुढे काही दिवसांनी तोच टॉवेल पाठीमागे, पाठ पुसतो तसा, वरखाली. ताण जाणवला पाहिजे. कळ येऊन डोळ्यांत पाणी आलं तर मात्र तुम्ही जास्त केलंत. आणि व्यायामाआधी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्यायला लाजू नका. ती त्यासाठीच असते.

दुसरी गोष्ट सुजेची. काखेतल्या गाठी काढल्यावर हातातला एक प्रकारचा द्रव परत फिरायच्या वाटा कमी होतात आणि हात सुजू शकतो. काखेतल्या गाठी भरपूर काढल्या असतील तर साधारण पाचात एका बाईला हा त्रास होतो. निवडक एक-दोनच काढल्या असतील तर विसात एकीला. तो महिन्याने होईल किंवा पाच वर्षांनी. टेप घेऊन मोजण्याआधी आपल्या बायकांना तो दुसऱ्याच गोष्टीने कळतो: त्या हातातल्या बांगड्या निघेनाशा होतात, ब्लाउजची एकच बाही दंडाला काचते, अंगठीची खूण उमटते. तेवढं दिसलं की दवाखान्यात धावा. सुरुवातीला आलेली सूज विशिष्ट पद्धतीच्या हलक्या मसाजने, पट्ट्या बांधून आणि घट्ट बाहीने आटोक्यात राहते. वर्षभर दुर्लक्ष केलं तर हात कडक होतो आणि मग फारसं काही करता येत नाही. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर तो जंतुसंसर्ग समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेलाची मालीश करत बसू नका.

यात एक जुनी भीती काढून टाकली पाहिजे. त्या हाताने कधीच वजन उचलायचं नाही, असं पूर्वी डॉक्टरही सांगत. 2009 साली अमेरिकेत यावर नीट अभ्यास झाला. सुजेचा त्रास असलेल्या बायकांनी जाणकाराच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून हळूहळू चढत वजनं उचलली. सूज वाढली नाही, उलट त्रासाचे झटके कमी झाले. तेव्हा हाताला जन्माची सुट्टी देऊ नका, त्याला हळूहळू कामाला लावा. हे 'हळूहळू' सोलापुरात कुठे चुकतं तर पाण्याच्या दिवशी. शहरात चार-पाच दिवसांआड नळ येतो. नळ आला की पिंप, हंडे, बादल्या, सगळं तासाभरात भरायचं, आणि चार दिवस जपलेला हात त्या एका तासात कामाला येतो. घरातल्या पुरुषांना माझी हात जोडून विनंती आहे: वर्षभर पाण्याचा दिवस तुमचा. बाईने भांडी घासावीत, भाकरी थापावी, झाडू मारावा, त्याने हात सुटतोच. भरलेला हंडा कमरेवर घेऊ नये.

आता तोंडाकडे वळू. मावा, गुटखा, तंबाखू, मिसरी यांनी आपल्याकडे काय केलंय हे मी नव्याने सांगायला नको. सुपारी आणि माव्यामुळे बऱ्याच जणांचं तोंड कॅन्सरच्या आधीपासूनच कमी उघडत असतं. त्यावर ऑपरेशन झालं, वर रेडिएशन झालं, की जबडा बसतो. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. तीन बोटं आरामात गेली तर बरं. दोनच जात असतील तर जबडा आखडायला लागला आहे. 35 मिलिमीटरच्या खाली तोंड उघडलं की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. एकच बोट जात असेल तर घास जात नाही, ब्रश फिरत नाही, आणि पुढे कॅन्सर पुन्हा डोकावला तर डॉक्टरांना आत बघताही येत नाही. ही शेवटची गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही.

याचा इलाज दोन-चार रुपयांचा आहे. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या आणायच्या, स्वच्छ धुवायच्या. एकावर एक रचून जितक्या मावतील तितक्या दाढांमध्ये धरायच्या आणि अर्धा मिनिट थांबायचं. असं पाच-सहा वेळा, दिवसातून चार-पाच फेऱ्या. दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवून बघायची. काड्यांची संख्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. जबड्याचं हाड कापलेलं असेल किंवा पट्टी बसवलेली असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय काडी लावू नका. बाकीच्यांनी रेडिएशन सुरू व्हायच्या आधीपासूनच लावावी. रेडिएशन संपलं तरी आतले स्नायू पुढे कित्येक महिने आखडतच राहतात, म्हणून हा व्यायामही सोडायचा नसतो. रेडिएशनच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोंड सोलवटतं तेव्हा काड्यांचं नावही नको वाटतं. त्या दिवसांत काड्या कमी करा, बंद करू नका.

गालाच्या ऑपरेशनमध्ये बरेच वेळा छातीचा स्नायू वर फिरवून गालाची जागा भरतात. शिवाय मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का लागू शकतो. त्यामुळे पेशंटचं लक्ष तोंडाकडे, घरच्यांचंही तोंडाकडे, आणि एक खांदा मुकाट्याने खाली लोंबायला लागतो. यंत्रमागावर उभं राहणाऱ्या माणसाचा खांदा गेला की नोकरीच गेली. सर्जनला थेट विचारा, "मानेची नस वाचली का?" तोंडाच्या पेशंटनेही खांद्याचे व्यायाम करायचे असतात, हे त्याला सांगणारं बहुधा कुणी नसतं.

गिळण्याचंही असंच. नाकात नळी घातली म्हणजे गिळायचं काम संपलं, असं वाटतं. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर महिन्या-दीड महिन्यात ढिले पडतात आणि मग नळी काढल्यावर पाण्याचा घोटसुद्धा श्वासनलिकेत जातो. स्पीच थेरपिस्ट बोलायला शिकवतात तसं गिळायलाही शिकवतात. त्यांनी परवानगी दिली असेल तर नळी असतानाही रोज थोडं थोडं तोंडाने घेत राहावं. कुणाला पातळ चालतं, कुणाला पातळच ठसका लावतं आणि दाटसर आंबील सुखाने जाते. हे अंदाजाने ठरवू नका, तपासून घ्या. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी हे आपल्या जिभेचं माहेर. तिथवर परत जायला काहींना वर्ष लागतं. दुधात किंवा आमटीत भिजवलेली, मग कुस्करलेली, मग मऊ ताजी, अशा पायऱ्यांनी जावं. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसोबत बसायचं म्हणून घाई करू नये.

स्वरयंत्र काढलेल्यांचा विषय लहान वाटतो, तो लहान नाही. श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालतो. आंघोळीचं पाणी, यंत्रमागाचा तूस, धूळ थेट फुप्फुसात जाऊ शकते. छिद्रावर ओलसर मलमलीचा किंवा गॉजचा पडदा कायम हवा. आवाज परत मिळवायच्या वाटा आहेत: अन्ननलिकेतून बोलायला शिकणं, छोटी झडप (वॉल्व्ह), गळ्याला लावायचं यंत्र. आणि एक कागदोपत्री गोष्ट: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचेच्या अपंगत्वात स्वरयंत्र काढल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा, लाजायचं कारण नाही. हाडाच्या कॅन्सरमुळे पाय गमावलेल्या पोरांनाही तो कायदा लागू आहे.

किमोचं दुखणं वेगळं. तिथे दिसत काहीच नाही, माणूस फक्त थकलेला असतो. झोपून उठला तरी थकलेला. या थकव्यावर झोप हे औषध नाही, चालणं हे औषध आहे, असं सांगितलं की घरचे माझ्याकडे रागाने बघतात. त्यांच्यासाठी अलीकडची एक गोष्ट सांगतो. आतड्याचा कॅन्सर होऊन ऑपरेशन आणि किमो पूर्ण झालेल्या 889 जणांवर कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर काही देशांत एक मोठा अभ्यास झाला; निष्कर्ष 2025 मध्ये आले. एका गटाला तीन वर्षं व्यायामाचा मार्गदर्शक मिळाला, दुसऱ्याला व्यायाम आणि आहाराची माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले शंभरात 90 जण हयात होते, पुस्तिकेच्या गटातले 83. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पडला असता तर त्याची किंमत काही लाखांत असती. यातली बोचरी बाजूही पाहा: दुसऱ्या गटाला माहिती मिळालीच होती. तेव्हा हा लेख वाचूनही भागणार नाही. मागे लागणारं, आठवड्याला विचारणारं कुणीतरी पाहिजे. मुलगा, सून, भिशीतली मैत्रीण, कुणीही.

आठवड्यातून तीन दिवस अर्धा अर्धा तास चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढं उद्दिष्ट बहुतेक पेशंटना पुरेसं आहे. सुरुवात पाच मिनिटांपासून. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, हाही ताकदीचाच व्यायाम. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये, एवढा वेग. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे काय ते आपण जाणतोच. त्या दिवसांत सहाच्या आत घराबाहेर पडा नाहीतर घरातल्या घरात चाला. सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन फोटो काढायची सक्ती नाही. रक्ताचा रिपोर्ट मात्र पाहत जा: हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल, प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली गेल्या असतील, ताप असेल, किंवा किमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील, तर त्या दिवशी काय करायचं आणि काय नाही हे डॉक्टरांनाच विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, एकाच पायाला सूज आली, तर थांबा आणि दाखवा.

काही किमोंनी हातापायांची बोटं बधिर होतात. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, उन्हात तापलेल्या फरशीवर पाय भाजला तरी समजत नाही. घरातही चप्पल, तीही मागे पट्टा असलेली. आंघोळीचं पाणी पायाने तपासायचं नाही, कोपराने तपासायचं. रोज रात्री तळवे आरशात बघायचे. हाताची बोटं बधिर झाली की त्याचा हिशेब आपल्या शहरात फार कडू होतो. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत किंवा पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, कापलेलं टेंभुर्णीचं पान, त्यात तंबाखूची चिमूट, आणि पानाचं तोंड मुडपून बंद करणं: हे सगळं बोटांच्या टोकांचं काम आहे, आणि मजुरी हजार विड्यांवर. बधिर बोटांनी निम्म्याही होत नाहीत. अशा वेळी ऑक्युपेशनल थेरपिस्ट नावाचा माणूस लागतो. तो बोटांचे व्यायाम देतो, बसायची जागा बदलून देतो, कामाचे तुकडे पाडून देतो. कॅन्सरच्या पेशंटने पुन्हा तंबाखूच्या सुपाशी बसावं का, हा प्रश्न खरा आहे. पण तो आधी त्या बाईच्या पोटापाण्याची दुसरी सोय लावून मग विचारावा.

आणि जे कुणी बोलत नाही ते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर रेडिएशन झालं की योनीमार्ग आखडतो, कोरडा होतो. पुढे तपासणी करणं अवघड जातं आणि नवरा-बायकोचे संबंधही दुखरे होतात. रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांत डायलेटर नावाचं साधं साधन वापरायला सुरुवात केली तर हे बऱ्याच अंशी टळतं. लघवी धरवत नसेल, गळत असेल, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. पुरुषांना प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर तेच उपयोगी पडतात. बायकांनी नर्सला विचारावं, कानात विचारावं, पण विचारावं. नवऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: हा रोग संसर्गाने त्याला लागत नाही, आणि बायकोला वेळ लागतो म्हणजे तिचं मन उडालं असं नाही.

पोटावर पिशवी लावलेल्यांनी सहा-आठ आठवडे जड उचलायचं नाही, खोकताना पिशवीच्या जागेवर हात दाबून धरायचा. त्यानंतर चालणं, सायकल, शेतातली हलकी कामं, सगळं करता येतं. पिशवी आहे म्हणून आषाढीला पंढरपूरला जायचं थांबवलेली माणसं मी पाहिली आहेत. बदलायच्या चार पिशव्या, पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन त्यांना खुशाल जाता येतं.

ऑपरेशनच्या आधीचा व्यायाम तर आपल्याकडे कुणाच्या गावीच नसतो. हॉस्पिटलमध्ये तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं खेळणं देतात. ते फुप्फुसासाठी आहे. त्यात फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो, चेंडू वर टिकवून धरायचे असतात. निम्मे लोक फुंकत बसतात आणि चेंडू हलत नाहीत म्हणून डबा बाजूला ठेवतात. तारीख मिळाल्यापासून ऑपरेशनपर्यंत जे दोन-तीन आठवडे जातात, त्यात हा श्वास, रोजचं चालणं आणि तंबाखू पूर्ण बंद, एवढं केलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांचं निम्मं काम हलकं होतं.

हे सगळं कुणाकडून शिकायचं? पदवी घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून. त्यांची राज्याच्या परिषदेत नोंदणी झालेली असते, नंबर विचारायला संकोच नको. मालीशवाला, हाड बसवणारा, 'नस मोकळी करतो' म्हणणारा यांच्यापासून कॅन्सरच्या पेशंटला चार हात लांब ठेवा. कॅन्सर हाडात उतरला असेल तर मणक्यावर जोर दिल्याने मणका मोडू शकतो, माणूस जागेवर पडू शकतो. कंबर रात्री जास्त दुखते, पायात मुंग्या येतात, लघवीवरचा ताबा सुटतो, अशी लक्षणं दिसली तर कॅन्सरचे डॉक्टर आधी, बाकी सगळे नंतर. शक्य असेल तर कॅन्सरचे पेशंट नेहमी पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, बार्शीला, किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथेच डिस्चार्जच्या कागदावर "फिजिओथेरपी" हा शब्द लिहून घ्या आणि पुढची तारीखही. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत विसरतं.

खर्चाचं दोन शब्दांत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या आधीच विचारा की यातलं काय काय योजनेत बसतं. मुंबईला टाटाला जाणाऱ्यांसाठी रेल्वेची सवलत आहे: हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्याचा दाखला घेतला की पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला पाऊण माफ. तपासणीसाठी जातानाही ती मिळते. एसटीतही कर्करुग्णांना भाड्यात सवलत आहे. आणि दर वेळी मुंबई गाठायची गरज नसते. व्यायाम एकदा नीट शिकून, मोबाइलवर व्हिडिओ करून घेतला तर पुढचे दोन महिने सोलापुरातल्याच फिजिओथेरपिस्टकडे भागतं.

आशाताईंना आणि त्यांच्या वरच्या साहेबांना एक विनंती. घरभेटीच्या वहीत बाळंतीण आहे, बीपी आहे, शुगर आहे. कॅन्सरच्या घरी गेल्यावर तीन प्रश्न जोडता येतील: हात कानाला लागतो का, तोंडात तीन बोटं जातात का, दिवसभरात किती चाललात. उत्तर 'नाही' असं आलं तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी. याला ना निधी लागतो, ना नवं यंत्र. बार्शीच्या लोकांनी जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी वह्यांवरच सुरुवात केली होती.

शेवटी ज्यांचा आजार आता बरा होण्यातला राहिलेला नाही, त्यांच्याबद्दल. "आता काय व्यायाम, कशाला छळता" असं म्हणून त्यांना अंथरुणावर सोडलं जातं. फिजिओथेरपिस्टची गरज त्यांनाही तेवढीच आहे. उशा कुठे लावल्या म्हणजे दम लागत नाही, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची म्हणजे पाठीला जखम होत नाही, वॉकर धरून संडासापर्यंत चार पावलं कशी टाकायची, कमोडची खुर्ची पलंगाच्या कुठल्या बाजूला ठेवायची: हे शिकवणारा माणूस एकदा घरी बोलवा. त्याच्यासमोर घरातल्या दोघांनी तरी हे करून दाखवावं, एकटीच्या कमरेवर ते पडू नये. आणि पेशंटला विचारा, त्याला स्वतःहून काय करायचं आहे. बहुतेकांचं मागणं फार छोटं असतं: ताटावर बसून जेवायचं, दारात खुर्ची टाकून बसायचं. त्यासाठी लागणारी ताकद आणि पद्धत शिकवता येते, आठवडाभरात.